पाखरीचं दावं

भुताखेताच्या गोष्टी मला कधी खऱ्या वाटल्या नाहीत. आमच्या गल्लीत कुणाच्या पोराला ताप आला की बायका मीठ-मोहरी उतरून टाकायच्या, मी आधी पोराला रिक्षात घालून दवाखान्यात न्यायची. सासूबाई म्हणायच्या, "चौथी काय शिकली, लईच शानी झाली ही." देव मी मानते, जोतिबाला जाते, दत्ताच्या वाडीला जाते. पण देव वेगळा आणि हे असलं वेगळं... हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, ही बाई मुळातच तसली.

आमच्या बिल्डिंगच्या क्लब हाउसमध्ये मासिकं ठेवलेली असतात. एकात लोक आपापले अनुभव लिहून पाठवतात, आणि शेवटी सगळ्यांचं एकच - कसं झालं ते कळलं नाही. मला वाचताना हसू यायचं. एवढी शिकलेली माणसं, कळत कसं नाही? आता मी लिहायला बसले, तर माझीही तीच गत आहे. पाठवणार वगैरे नाही. चारचौघांत मला बोलता येत नाही, जीभ टाळ्याला चिकटते. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही, म्हणून लिहिते.

आमचा टॉवर कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठाला आहे. चौपाटीवर भेळेच्या गाड्या लागतात ना, तिथून मान वर केली की समोर दिसतो. आम्ही नवव्या मजल्यावर. गॅलरीत उभं राहिलं की सगळा रंकाळा पायाखाली, त्याच्या पाण्यातला संध्यामठ, पलीकडे उसाची रानं, आणि वाऱ्याला तर तोटाच नाही. खाली बाग, जिम, क्लब हाउस, दोन लिफ्ट, आणि निळ्या फरशीचा मोठा स्विमिंग पूल. लोक गावाहून आले की म्हणतात, हे घर आहे की हॉटेल?

टॉवर उभा आहे ती जागा आमची होती. आमचा म्हशींचा गोठा होता तिथं. मालक - म्हणजे आमचे हे - जातीनं नाही, पण धंद्यानं पक्के गवळी. गोठ्याच्या मागून एक पायवाट तळ्यात उतरायची. दुपारी त्याच वाटेनं म्हशी पाण्यात जायच्या. मालक लहानपणी पोहायला शिकले ते म्हशीचं शेपूट धरून. आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवायची तीच रीत होती - म्हस पाण्यात घालायची, पोराच्या हातात शेपूट द्यायचं आणि म्हशीला हाक मारायची. म्हस पोराला तळ्याच्या मध्यापर्यंत नेऊन परत आणायची. आमचा सुधीर पण तसाच शिकला.

सगळ्या म्हशींत पाखरी मालकांची लाडकी. कपाळावर पांढरा ठिपका, शिंगं अशी मागं वळलेली. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून पळवतात, मालक मोटरसायकलवर पुढं आणि म्हस मागं. बाकीच्यांना सायलेन्सर काढून आवाज करावा लागायचा. मालक नुसतं मागं वळून "आऽऽव पाखरे" म्हणायचे, आणि ती गर्दी फोडून पळत यायची. बघणारे शिट्ट्या मारायचे. मी लांब दुकानाच्या पायरीवर पदर तोंडाला लावून बघत असायची, आणि मला उगीच अभिमान वाटायचा.

दोन हजार सालाच्या थोडं आधी जागा बिल्डरला दिली. गावात म्हशी सांभाळणं अवघड झालं होतं, तळ्यात म्हशी धुवायला पण लोक हरकत घ्यायला लागले होते. एकेक करून म्हशी गेल्या. शेवटी पाखरी. बिद्रीजवळच्या खेड्यातला पांडबा म्हणून एक ओळखीचा शेतकरी टेम्पो घेऊन आला. पाखरी काही केल्या टेम्पोत चढेना. मग मालक स्वतः वर चढले आणि हाक मारली. ती लगेच चढली. मालक दुसऱ्या बाजूनं खाली उतरले आणि फळी लागली.

पांडबानं दाव्याला हात घातला तेव्हा मालक म्हणाले, "पावणं, दावं न्हाय मिळायचं. तुमचं आणलंयसा न्हवं?"

"आणलंय की. म्हस दिली आनि दाव्याला जीव धरता व्हय?"

"म्हस दिली. दावं देत न्हाईत आमच्यात."

हे खरं आहे. जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं विकायचं नसतं, ते आपल्या घरात ठेवायचं, ही आमच्याकडची पद्धत. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. ते दावं मालकांनी नवव्या मजल्यावर आणलं आणि गॅलरीतल्या हुकाला अडकवलं. मी एकदा त्याच्यावर ओले टॉवेल वाळत टाकले, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

खोटं कशाला बोलू, मला मात्र टॉवरमध्ये सुख लागलं. नळाला पाणी, पायाखाली गार फरशी, आणि हातांना शेणाचा वास नाही. पहिले काही दिवस लिफ्टची भीती वाटायची, मी जिन्यानं चढायची. मग एकदा चौथ्या मजल्यावरच्या बँकेतल्या जोशी मॅडमनी हात धरून आत ओढलं. "काकू, ही काही चावत नाही!" संध्याकाळी बागेत बायका बसायच्या. मी कडेच्या बाकावर बसायची, ऐकायची. माझ्याशी कुणी बोललं नाही तरी चालायचं.

मालकांना मात्र दिवस जाईना. गॅलरीत खुर्ची टाकून तळ्याकडे बघत बसायचे. अशी काही वर्षं गेली. आणि एका सकाळी चहाची कपबशी त्यांच्या हातातून सुटली. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. उजवं अंग गेलं. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा हात लोंबत होता, पाय ओढत होता, आणि बोलणं म्हणजे नुसता गोंधळ. पाणी हवं असलं तर तोंडातून भलताच शब्द यायचा आणि मग स्वतःवरच चिडायचे.

डॉक्टर सुधीरला बाजूला घेऊन म्हणाले, "पहिल्या काही महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं आपलं. नंतर फार आशा धरू नका." मी दाराशीच उभी होते. त्यांना वाटलं मला कळत नाही.

महिने जायला लागले. हात तसाच. मालक भिंतीकडे तोंड करून पडायचे. तो हात पांघरुणावर असा पडलेला असायचा, जसा दुसऱ्या कुणी विसरून ठेवलाय. व्यायाम घ्यायला एक मॅडम यायच्या. एकदा गॅलरीतून खाली बघून त्या म्हणाल्या, "अहो आजी, खाली एवढा पूल आहे की! पाण्यात अंग हलकं होतं. यासाठी लोक कुठून कुठून जातात. उतरवा यांना."

आली का पंचाईत. पूलवर पाटी होती - स्विमिंग ड्रेस असल्याशिवाय उतरू नये. सुधीरनं वडलांना चड्डी आणली. माझं काय? सेक्रेटरी साहेबांना विचारायला मी तीन वेळा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. शेवटी जोशी मॅडम माझ्या बाजूनं भांडल्या. "दुपारी पूलवर चिटपाखरू नसतं. काकू साडी खोचून पायरीवर उभ्या राहतील, तुमचं पाणी काय उष्टं होतंय?"

सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे, पण साबण वगैरे लावू नका हं."

मग रोज दुपारी वॉचमन मामा मालकांना चाकाच्या खुर्चीवरून खाली आणायचे, स्टीलच्या कठड्याला धरून पायऱ्या उतरवायचे आणि गेटवर जायचे. मी गुडघाभर पाण्यात, मालक छातीभर. डावा हात कठड्याला, उजवा पाण्यावर तरंगतोय. आणि बस. एक पाऊल टाकायचे नाहीत. निळ्या पाण्याकडे असे बघायचे, जसं कुणी त्यांचा अपमान केलाय. आठवड्यामागून आठवडे हेच. मी वर येऊन साडी बदलायची आणि न्हाणीघरात नळ सोडून रडायची.

एकदा मला काय सुचलं कुणास ठाऊक. व्यायामाच्या मॅडम म्हणाल्या होत्या, उजव्या हातात काहीतरी जाड धरायला द्या. निघताना मी गॅलरीतलं पाखरीचं दावं काढलं आणि पाण्यात त्यांच्या उजव्या मुठीला दोन वेढे देऊन बांधलं. उरलेलं टोक पाण्यावर सोडलं. मालकांनी दाव्याकडे बघितलं. त्यांचं तोंड वाकडं झालं, मला वाटलं रडतायत. आणि तोंडातून आवाज आला... एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा सरळ, स्वच्छ.

"आऽऽव पाखरे... आऽऽव."

आवाज टॉवरच्या भिंतीवर आपटून परत आला. मी लाजून वर गॅलऱ्यांकडे बघितलं, कुणी ऐकलं की काय म्हणून. खाली बघितलं तर तरंगणारं दावं हललं. वाऱ्यानं हलतं तसं नाही. टोक पुढं गेलं, थोडं पाण्याखाली गेलं, आणि दावं ताणलं. सरळ! म्हस पुढं चालताना कसं ताणतं, अगदी तसं. पुढच्या टोकाला काही नव्हतं. मी डोळे फाडून बघितलं, काही नव्हतं. पण पुढचं पाणी मधोमध दुभंगत होतं आणि दोन्ही बाजूंना तिरक्या लाटा निघत होत्या. रंकाळ्यात म्हशीचं डोकं पाण्यावर निघालं की जशा निघतात तशा. मी पंचवीस वर्षं रोज बघितल्यात त्या.

मालकांनी कठडा सोडला.

मी ओरडणार, एवढ्यात बघितलं. ते पाय टाकत होते. एक, मग दुसरा, ओढला जाणारा पाय पण. पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले, वळले, परत आले. दावं सैल पडून पाण्यावर तरंगलं. मालक धापा टाकत होते आणि हसत होते. पाण्यावर माझ्या ओळखीचा वास होता. पूलच्या पावडरीचा नाही, उन्हात तापलेल्या म्हशीच्या पाठीचा.

मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? सुधीर म्हणाला असता, आईला पण डॉक्टरकडे न्यायला पाहिजे.

मग हे रोजचंच झालं. मालक आता स्वतः उठून बसायचे आणि डाव्या हातानं दाव्याकडे बोट दाखवायचे. हाक मारायची, पाणी दुभंगायचं, मालक मागं निघायचे. काही दिवसांनी त्यांनी दावं मुठीवरून सोडलं, माझ्याकडे दिलं आणि उजवा हात पुढं केला. ती मेलेली बोटं एकेक करून मिटली. पाण्यात काहीतरी धरलं त्यांनी, मला न दिसणारं. पाय वर आले. आमचा मालक, वय झालेला माणूस, लहान पोरासारखा आडवा होऊन पाण्यावरून सरकत चालला होता.

"शेपूट," काठाला आल्यावर म्हणाले. "शेपूट घावलं गं."

भीती वाटली का? खरं सांगू - नाही. अंगावर काटा यायचा, पण तो थंडीत पहिलं कढत पाणी अंगावर घेतल्यावर येतो तसला.

एक दिवस जोशी मॅडमनी लिफ्टमध्ये विचारलं, "काकू, काकांना ओढायला काय मशीन बसवलंय का हो? सुट्टी होती म्हणून वरून बघत होते. केवढ्या जोरात जातात! आणि त्यांच्या पुढे पाण्यात ते काळं काळं काय होतं?"

माझी जीभ चिकटली. "सावली असंल," म्हणाले.

"हो ना. ढगाची असेल," म्हणाल्या. त्या दिवशी आभाळात ढग नव्हता.

आणि मग सेक्रेटरींची नोटीस लागली. कुणीतरी पूलमध्ये कुत्रं पोहायला सोडतंय, फिल्टरच्या जाळीत काळे केस सापडले, सोडणाऱ्यावर कारवाई होईल. नोटिशीसमोर ते वॉचमन मामांना झापत होते, "एवढा मोठा कुत्रा गेटमधून आत येतो आणि तुम्हाला दिसत नाही?" हातात कागदावर ते केस घेतले होते. मी जाता जाता बघितले. जाड, राठ, टोकाला तांबूस. कुत्र्याचे? मी हसू आवरत लिफ्टमध्ये शिरले आणि सातव्या मजल्यापर्यंत एकटीच हसत होते.

हात सुधारला. मालक काठी घेऊन घरात फिरायला लागले, डाव्या हाताची मदत न घेता घास खायला लागले. बोलणं बरंच परत आलं. डॉक्टर म्हणाले, छान, असंच चालू ठेवा. तेव्हा मालक म्हणाले, "बिद्रीकडं जाऊन येऊया. पाखरीला बघूया."

सुधीरनं सुट्टीच्या दिवशी गाडी काढली. पेंडेचं पोतं घेतलं. पांडबाच्या दारात गाडी थांबली तसा तो धोतर सावरत पुढं आला आणि रामराम घालायच्या आधीच सुरू झाला.

"बरं झालं आलासा पावणं! म्या येनारच हुतो कोल्हापूरला. म्हस दिलीसा का भूत दिलंसा वो?"

"का? काय झालं?" मालक म्हणाले.

"काय झालं म्हंजे! दुपारच्याला गोठ्यात बांधलेली असती. वर पत्रा, पाऊस न्हाय, पानी न्हाय. आनि धारंला बसाया जावं, तर म्हस चिंब! शेपटापातूर निथळतीया. आनि दमती किती, लांबनं पळत आल्यागत धापा टाकती."

आतून त्याची बायको आली. "आनि वास सांगा की. टाकीत पावडर टाकत्यात न्हवं, त्यो वास. दुधाला सुदिक लागतोय. डेअरीवाला म्हनतोय, दुधात काय औषध घालता काय? दोनदा परत पाठवलं दूध. शेजारनीवर संशय घेऊन भांडलो आमी, बोलनं बंद हाय तवापासनं."

"कधीपासनं हे?" मी विचारलं. अनोळखी घरात मी आपणहून तोंड उघडलं, सुधीर माझ्याकडे बघायलाच लागला.

"हे काय, उनाळा लागल्यापासनं."

उन्हाळा लागला तेव्हाच मी दावं मालकांच्या मुठीला बांधलं होतं.

आम्ही गोठ्यात गेलो. पाखरी उभी होती. कपाळावरचा ठिपका तसाच, अंगानं मात्र उतरली होती. मालकांना बघून तिनं रेकून हाक दिली नाही, काही नाही. रोज भेटणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि मान पुढं केली. मी तिच्या गळ्याला नाक लावलं. पूलचा वास होता. मालकांची ओली चड्डी मी रोज धुते, मला तो वास कळणार नाही का?

मालक बराच वेळ तिच्या बरगड्यांवरून हात फिरवत राहिले. उजवाच हात. मग मला म्हणाले, "दमवली गं म्या हिला. एकदा फसवून टेम्पोत घातली, आनि वर रोज बोलावतोय. गाडीतलं दावं आण."

दावं मी बरोबर घेतलं होतं. का घेतलं होतं, माहीत नाही. पण ते देताना माझा हात मागं आला. "अहो," मी हळूच म्हणाले, "हे दिलं आनि तुमचा हात परत गेला तर?"

"गेला तर गेला. डाव्यानं जेवीन."

"मला चालंल का?" मी म्हणाले. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं कधी उलट बोलले नव्हते. पाखरी मान खाली घालून उभी होती, पोट भात्यासारखं हलत होतं. एवढं बघितल्यावर दावं धरून ठेवायला माझं मन होईना. मी दिलं.

मालकांनी पांडबाचं दावं सोडलं, तिचं जुनं दावं तिच्या गळ्यात घातलं आणि मेखेला गाठ मारली. गवळ्याची गाठ असते, दोन्ही हात लागतात त्याला. उजव्या हाताची बोटं थरथरली, पण गाठ बसली.

"पांडबा, हे दावं आता तुमचं. म्हस तुमची."

"आमच्यात देत न्हाईत म्हनला हुतासा?"

"आता दिलं," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पूलवर गेलो. मालक छातीभर पाण्यात उभे राहिले. हाक मारली नाही. पाणी सपाट, निळं, त्यात टॉवरच्या गॅलऱ्या उलट्या दिसत होत्या. त्यांनी उजवा हात पाण्यातून वर काढला, बोटं मिटली, उघडली. मग कठडा सोडला आणि स्वतःच पाय मारत, वेडंवाकडं, पाणी उडवत पलीकडे गेले. तिथून हात वर करून मला दाखवला. मी साडीसकट आणखी दोन पायऱ्या खाली उतरले, कंबरेपर्यंत. पाटीवर काय लिहिलंय ते मला तेव्हा आठवलंच नाही.

त्या दिवसापासून जाळीत केस आले नाहीत. सेक्रेटरींना वाटतं नोटीस लागू पडली. पांडबाचा निरोप आला, म्हस कोरडी आहे, दूध ग्वाड झालंय, आणि शेजारणीबरोबर बोलणं पण सुरू झालंय.

मी पुष्कळ विचार केला. डॉक्टर म्हणतात पाण्यातल्या व्यायामानं नस मोकळी होते. असेल. त्यांचं शिक्षण मोठं. पण मग बिद्रीजवळ पत्र्याखाली बांधलेली म्हस कशानं भिजत होती, हे त्यांना विचारायची मला लाज वाटते. आणि विचारलं तरी त्यांना सांगता येईल असं वाटत नाही.

आता दुपारी टॉवरची पोरं पण पूलवर येतात. मालक त्यांच्यात पोहतात. परवा एका मुलाची आई मला म्हणाली, "आजी, आजोबा या वयात इतकं छान पोहतात! कुणी शिकवलं हो त्यांना?"

मी आता पूर्वीएवढी लाजत नाही. "पाखरीनं," म्हणाले.

"त्यांची बहीण का?"

मी हो म्हणाले.